नणंदेचं आरमार

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं. हे स्वयंपाकघर, ही माझी खोली, ही तुमची. मग एका बंद दारापाशी आल्यावर त्यांनी आवाज बारीक केला. "ही ताईची. आत गेलीस तर फुंकर मारू नकोस, शिंकू नकोस, आणि पंखा तर अजिबात लावू नकोस."

मला वाटलं, आत कुणीतरी फार आजारी आहे. दार उघडलं तर खिडकीखाली मोठं टेबल, टेबलावर काळं कापड आणि कापडावर ओळीने मांडलेली बोटाच्या पेराएवढी जहाजं. वल्ह्यांची, शिडांची, तोफा बाहेर काढलेली. सगळी पोस्टाच्या तिकिटांवर. माझी थोरली नणंद एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन त्यांच्यावर वाकली होती. मान वर न करता ताई म्हणाल्या, "ये. पण पदर सांभाळ. मागच्या आठवड्यात आईच्या पदराने अख्खी लढाई जमिनीवर गेली."

ताईंचा धंदा कवळ्या करण्याचा. चष्म्याच्या दुकानावर एक माळा होता, तिथे त्यांचं काम चालायचं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ताई मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन त्यातून माणसाचं हसू तयार करायच्या. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले, तर फळीवर ओळीने जबडे मांडलेले आणि सगळे माझ्याकडे बघून हसतायत. माझी तर पाचावर धारण बसली. ताई मात्र एकेकाची ओळख करून देत होत्या. "हे सभापती. हे गाण्याचे मास्तर. आणि ह्या बाईंना दात हवेत, पण नवऱ्याला कळायला नको." रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की ताई आधी दात बघायच्या, मग माणूस ओळखायच्या.

तिकिटांचं वेड त्यांना या धंद्यातूनच लागलं. एका मालवाहू जहाजावरचा आचारी त्यांच्याकडे आला होता. जमिनीवर कवळी घट्ट बसायची, पण जहाज हलायला लागलं की ती पण हलायची. ताईंनी ती इतक्या वेळा घासली, परत केली, परत घासली, की शेवटी डॉक्टरच कंटाळले. आचारी समुद्रावर गेला आणि कुठल्याशा लांबच्या बंदरातून त्याचं पत्र आलं. वादळातसुद्धा सुके टोस्ट चावतो, म्हणाला. पाकिटावर तिकीट होतं प्राचीन काळातल्या लढाऊ जहाजाचं. एकावर एक वल्ह्यांच्या रांगा, पुढे शत्रूचं जहाज फोडायला धातूची सोंड, आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकावर, रंगवलेला टपोरा डोळा.

"मी ते भिंगाखाली धरलं," ताई सांगायच्या, "आणि मला वल्ही दिसलीच नाहीत. मला खालचा जबडा दिसला. एक सरळ, एक जरा तिरकं, एक मागे सरलेलं. म्हटलं, ज्याने या तिकिटाचा ठसा कोरलाय त्याचा हात चांगला आहे."

आधी कोरीवकाम आवडलं. मग प्रश्न पडले. ती सोंड कशाला? डोळा कशाला? एवढे वल्हवणारे एका तालात कसे ओढत असतील? उत्तरं शोधायला ताई वाचनालयात जायला लागल्या आणि तिकडच्याच झाल्या. वल्ह्यांपासून सुरुवात, मग पुढे-मागे लाकडी बुरूज असलेली जहाजं, मग तोफांची, मग तीन-तीन डोलकाठ्यांची. वाफेचं इंजिन आलं की ताईंचं आरमार बंद. "धूर निघाला की माझं काम संपलं," म्हणायच्या. माझ्या नवऱ्याने त्यांना आरमारप्रमुख नाव ठेवलं होतं, आणि त्यात चिडवायची गोष्ट अशी की आरमारप्रमुखांना बस लागायची. दोन थांबे गेले की तोंड खिडकीबाहेर. होडीत त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता.

लग्न त्यांनी केलं नाही. स्थळं आली नाहीत असं नाही. एका मुलाने त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवला म्हणून नकार गेला, असं सासूबाई अजून हळहळत सांगतात. "चांगला कमावता होता गं."

"आई, कपाखाली बशी नव्हती," ताईंचं उत्तर ठरलेलं.

तर अशा आमच्या ताई पन्नाशी ओलांडून पुढे गेल्या आणि त्या वर्षी वाचनालयाच्या सभागृहात तिकिटांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. मी मागेच लागले. "ताई, इतकी वर्षं सगळं आम्हीच बघतोय. जरा लोकांना दाखवा की." आधी नाही, मग बघू, मग एक दिवस जेवताना म्हणाल्या, "चौकटी काळ्या हव्यात. पांढऱ्यावर शिडं दिसत नाहीत." माझा नवरा छापखान्यात कामाला. त्याने प्रत्येक पानाखाली चिकटवायला मजकुराच्या सुबक पट्ट्या छापून आणल्या. त्यात एका ठिकाणी 'नाविक' ऐवजी 'न्हाविक' छापलं गेलं, त्यावरून दोन दिवस भावाबहिणीचं बोलणं बंद होतं.

प्रदर्शनात लोक आले. बहुतेक जण पटापट पुढे जात होते, पण एक माणूस ताईंच्या चौकटीसमोर खांबासारखा उभा. साठीच्या आसपासचा, धुतलेला पण इस्त्री न केलेला शर्ट, खिशात मोजपट्टी. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "निशाण उलटं आहे."

ताई खुर्चीतून उठल्या. "कुणाचं?"

"या तिकिटावर. हे बघा, शिडं पुढे फुगलीत. म्हणजे वारा मागून येतोय. मग डोलकाठीवरचं निशाण मागे कसं फडकतंय? ते पण पुढेच जायला हवं."

"तिकीट मी नाही काढलेलं."

"नाही, पण तुम्ही खाली लिहिलंय, 'अत्यंत अचूक चित्र'."

आता हे खरंच लिहिलेलं होतं. आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आपण काय करता?"

"प्लंबर आहे."

"मग जहाजातलं तुम्हाला काय कळतं?"

"मीही हीच तिकिटं जमवतो," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "वल्ह्यांपासून. तुमच्याकडची काही माझ्याकडे नाहीत. म्हणून तर एवढा वेळ बघतोय."

ताई घरी आल्या त्या धुसफुसतच. "प्लंबर म्हणे! आला मोठा वारा शिकवणारा!" जेवण धड नाही. मग अचानक उठून त्यांनी बैठकीतला टेबलफॅन ओढला, सुईच्या डब्यात पेन्सिल उभी रोवली, तिच्यावर कागदाचं शीड लावलं, वर रिबिनीचा तुकडा बांधला आणि पंखा चालू केला. ज्या बाईने जन्मभर पंख्याशी वैर धरलं ती पंख्यासमोर उकिडवी बसलेली बघून सासूबाई मला म्हणाल्या, "हिला बरं आहे ना गं?"

शीड पुढे फुगलं. रिबीनही पुढे फडफडली. ताईंनी डबा फिरवून पाहिला, पंखा लांब-जवळ करून पाहिला. रिबीन काही ऐकेना.

"बरोबर आहे मेल्याचं," त्या म्हणाल्या आणि उरलेलं जेवण जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तिकिटाखालची पट्टी बदललेली होती. स्वतःच्या अक्षरात ताईंनी लिहिलं होतं: 'या चित्रात निशाण वाऱ्याच्या उलट दिशेला आहे. चूक चित्रकाराची. ती एका प्लंबरने दाखवून दिली.' प्लंबर आला, त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. "कुणी असं लिहीत नाही," एवढंच म्हणाला. ताईंना बक्षीस मिळालं नाही, फुलपाखरांच्या तिकिटांना मिळालं. पण त्या दिवशी ताई घरी येताना काहीतरी गुणगुणत होत्या, आणि ताईंना गाण्याचं अंगही नाही.

त्यानंतर त्यांच्या खोलीतल्या बेसिनचा नळ गळायला लागला. मी साफसफाई करताना बघितलं, तर नळाच्या मानेवर पक्कडीचे ताजे ओरखडे, आणि तिथेच कवळ्यांच्या तारा वाकवायची ताईंची पक्कड. मी ती पक्कड उचलून कपाटात ठेवली, आणि ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळावं लागलं.

प्लंबर आला. पिशवीत पाना, वॉशर आणि तिकिटांचा अल्बम. नळ दुरुस्त व्हायला चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला, अल्बम बघायला अख्खी दुपार. पुढच्या आठवड्यात नळ परत गळला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोरीतला.

"एका वॉशरला इतक्या फेऱ्या?" माझा नवरा मला म्हणाला. "हा माणूस कामात कच्चा दिसतोय. दुसरा बघू."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "कामात पक्का आहे तो."

प्लंबरची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. तो आणि ताई टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडायचे. भांडण कशावरून, तर शिडंही आहेत आणि धुराडंही आहे अशी जी मधल्या काळातली जहाजं, ती आरमारात घ्यायची की नाही. तो म्हणे, शीड आहे ना, मग घ्या. ताई म्हणत, धूर म्हणजे धूर. एकदा आवाज इतके चढले की सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तर दोघं हसत होते. आणि प्लंबरच्या कपाखाली बशी होती. आपली आपण आणलेली, पिशवीतून.

मग त्याने एक दिवस सांगितलं, की बंदराजवळच्या जुन्या गोदीत काही हौशी लोकांनी जुन्या बनावटीचं वल्ह्यांचं जहाज बांधलंय. तिकिटावर असतं तसंच, लहान आकाराचं. त्याच्या तळात साचणारं पाणी उपसायचा पंप त्यानेच बसवला होता. रविवारी वल्हवायला माणसं कमी पडतात. "येता का?"

"मला बस लागते," ताई म्हणाल्या.

"वल्हवणाऱ्याला सहसा लागत नाही. हाताला काम असलं की पोट गप्प बसतं."

"आणि लागली तर?"

"तर समुद्र मोठा आहे."

ताईंनी मला सोबत म्हणून ओढलं. "तू नाही आलीस तर मी पण जात नाही," म्हणाल्या, आणि मी कापडाच्या दुकानातली माझी रविवारची सुट्टी वाऱ्यावर सोडली.

गोदीत गेल्यावर जहाज बघून ताई थबकल्या. इतकी वर्षं भिंगातून बघितलेली गोष्ट समोर घराएवढी उभी होती. नाळेवर डोळाही होता, निळ्या रंगाने रंगवलेला. ताईंनी हात लांब करून त्याच्या बुबुळाला बोट लावलं. मग एकदम वळून म्हणाल्या, "चल, बसू या. नाहीतर मी घरी पळेन."

बाकांवर सगळ्या प्रकारची माणसं होती. दवाखान्यातली नर्स, दोन सुतार, एक जाडजूड बेकरीवाला, प्लंबर, आणि आम्ही दोघी. मागे सुकाणूवाला आणि त्याच्याजवळ निवृत्त बँडमास्तर. हातात लाकडी मोगरी घेऊन फळीवर ठोका द्यायचा आणि "ओढा, सोडा" ओरडायचं, हे बँडमास्तरांचं काम. गोदीत असेपर्यंत ठीक चाललं होतं. बाहेर पडलो, लाटा लागल्या, आणि ताईंचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा झाला. मी म्हटलं, झालं. पण त्या ओठ घट्ट मिटून वल्हं ओढत राहिल्या.

तेवढ्यात बँडमास्तरांचं "ओढा" ऐकू येईनासं झालं. कधी "ओधा", कधी "होडा", कधी नुसती शिट्टी. 'सोडा' आणि 'ओढा' यांत फरकच कळेना. कुणी ओढतंय, कुणी सोडतंय, वल्ह्यावर वल्हं आपटतंय, बेकरीवाल्याचं वल्हं माझ्या पाठीत. जहाज आडवं झालं आणि धक्क्याच्या दगडी भिंतीकडे सरकायला लागलं. सुकाणूवाला ओरडतोय, नर्स ओरडतेय, आणि बँडमास्तर एका हाताने तोंड झाकून दुसऱ्या हाताने मोगरी नाचवतायत.

ताईंनी वल्हं आत ओढून ठेवलं. उठल्या. हलत्या जहाजात, बाकांना धरत धरत, सरळ मागे गेल्या आणि बँडमास्तरांच्या समोर उभ्या राहिल्या.

"वरची सैल आहे."

"काय?" बँडमास्तर गडबडले.

"वरची कवळी. शिट्टी वाजतेय. कुणी केलीय? माझी नाही ही." हे शेवटचं त्यांनी जरा समाधानाने म्हटलं. "काढा आणि रुमालात ठेवा, नाहीतर समुद्रात जाईल. उद्या माझ्याकडे या. आणि ती मोगरी इकडे द्या."

बँडमास्तरांनी निमूटपणे दोन्ही केलं.

ताईंनी एक ठोका दिला. सगळे थांबले. दुसरा ठोका, आणि मग असा आवाज लागला, जो मी इतक्या वर्षांत त्या घरात कधी ऐकला नव्हता. "ओढा! सोडा! बेकरीवाले, तुम्ही पुढे पळताय. ओढा! सोडा! डावीकडचे, माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको. ओढा!" एक वल्हं तिरकं गेलं की त्यांना लगेच दिसायचं. आयुष्यभर ओळीतला वाकडा दात शोधलेली नजर ती. भिंत इतकी जवळ आली होती की दगडांवरचं शेवाळ मोजता आलं असतं. पण हळूहळू जहाजाचं तोंड फिरलं. मग ते सरळ झालं. आणि मग काय सांगू, ते पळायलाच लागलं. सगळी वल्ही एकदम वर, एकदम खाली, मध्ये नुसता पाण्याचा आवाज. माझ्या हातांना फोड आले होते, पाठ मोडली होती, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. समोरच्या बाकावर प्लंबर नखशिखांत भिजलेला. तो ओढत होता खरा, पण बघत होता ताईंकडे. ताईंच्या गालांवर रंग परत आला होता. बस लागणाऱ्या बाईला समुद्र लागला नाही. लागायला फुरसत होती कुठे?

धक्क्याला लागल्यावर सगळ्यांनी ताईंसाठी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त बिनदातांच्या बँडमास्तरांनी. मी पायरीवर बसून पाणी पीत होते. बाजूलाच प्लंबर तळहातावरचे फोड बघत उभा. ताई पिशवीतून मलम घेऊन आल्या. "हात दाखवा."

त्याने हात पुढे केला. "मला एक विचारायचं होतं."

"विचारा. पण बोटं हलवू नका."

"तुमच्या टेबलाची मापं मी घेतली आहेत. मागच्या वेळी, नळ बघताना. माझ्या पुढच्या खोलीत खिडकीखाली बसतं ते. दारातूनही जातं, पाय न काढता. आणि..." तो अडखळला. "तिथला पंखा मी काढून टाकलाय."

मी पाण्याचा घोट तसाच तोंडात धरला. ताई मलम लावत राहिल्या. एका फोडावर जरा जास्तच वेळ.

"उन्हाळ्यात काय करता मग?" त्यांनी विचारलं.

"घाम पुसतो."

"तुमच्या घरात नळ गळतो का?"

"प्लंबरच्या घरातला नळ गळणारच. दुरुस्तीला सवड कुणाला आहे?"

ताई हसल्या. स्वतःच्या दातांनी, सगळेच्या सगळे दाखवत. "मग मला एकदा येऊन बघायला हवं," म्हणाल्या.

घरी बातमी फुटली तेव्हा माझा नवरा खुर्चीतून उडालाच. "म्हणजे तो नळ...?" त्याला सगळी साखळी जुळवायला चांगला वेळ लागला. सासूबाईंनी आधी डोळ्याला पदर लावला, मग विचारलं, "बशी वापरतो ना?" वापरतो म्हटल्यावर त्यांचं काही म्हणणं उरलं नाही.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. टेबल खरंच पाय न काढता दारातून गेलं. अल्बम मात्र अजून वेगवेगळे आहेत, कारण धुराड्याचा वाद मिटलेला नाही आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नाही. बँडमास्तरांना ताईंनी अशी कवळी करून दिली की ते परत बाजा वाजवायला लागले, आणि त्यांनी मोगरी कायमची ताईंकडे सोपवली. आता दर रविवारी माझी नणंद जहाजावर असते. बसने मात्र अजूनही जात नाही, गोदीपर्यंत चालत जाते.

परवा आम्ही सासूबाईंना धक्क्यावर नेलं. खुर्ची मांडली, डोक्यावर छत्री धरली. जहाज लांबून येत होतं आणि माणसं दिसायच्या आधी ताईंचा आवाज पोचला. पाण्यावरून, अगदी खणखणीत. सासूबाई कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहिल्या.

"काय गं," शेवटी त्या मला म्हणाल्या, "हिला लहानपणापासून हळू बोल, हळू बोल म्हणून मी उगाचच सांगत राहिले."